सूत्रकृमींचं विरजण

बसा, बसा, चहा ओतते. पण एक अट आहे. हसायचं नाही! निदान माझं पुरं होईपर्यंत तरी नाही. माझी जी शोभा झाली, ती वाडीतल्या प्रत्येकानं मीठमसाला लावून तुमच्यापर्यंत पोचवली असणारच. आता मूळ प्रत ऐका. माती मी खाल्ली, तेव्हा तिची चव मलाच ठाऊक!

तर मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका. अख्खी वाडी मला 'बाई' म्हणते. शिक्षिका निवृत्त होते हो, तिची शिकवायची खोड कुठे निवृत्त होते? रत्नागिरीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरलासुद्धा मी तिकिटावरचं शुद्धलेखन समजावलेलं आहे. मला सगळं कळतं, असा माझा समज होता. परवापर्यंत होता.

आमचे हे बोटीवर मुख्य आचारी. सगळे त्यांना 'चीफ' म्हणतात. एकेका सफरीला नऊ-नऊ महिने जायचे. ते गेले की घर खायला उठायचं. मग मी काय करायची, घरामागच्या बागेत, आमच्या आगरात, सुपारीच्या दोन पोफळी लावायची. सोळा सफरी, बत्तीस पोफळी. काही म्हणा, माझा जीव आहे त्या झाडांवर. नवरा समुद्रावर असताना माझ्याशी तीच बोलत होती.

यंदा पाऊस सुरू झाला आणि पोफळी पिवळ्या पडायला लागल्या. झावळ्या लोंबल्या, बुंध्याला हात लावला की झाड दुखऱ्या दातासारखं हलायचं. मुळाशी खणलं तर काय? हुमणी! पांढऱ्या, गुबगुबीत, अर्धगोल वळलेल्या अळ्या. माझ्या पोफळींची मुळं खाऊन खाऊन नुसत्या टरारल्या होत्या.

चीफना काय, आयतंच निमित्त मिळालं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या डोक्यात होमस्टे. ज्याच्या त्याच्या आगरात होमस्टे झाला, आपला कधी?

"ही झाडं आता जायचीच," ते म्हणाले. "काढून टाकू. चार खोल्या, पुढे गाड्या लावायला जागा, कोपऱ्यात झोपाळा. मुंबईचे लोक येतील."

"कशाला येतील?"

"निसर्ग बघायला."

"निसर्ग तोडल्यावर?"

"एखादी पोफळ ठेवू की फोटोपुरती!"

बघा माणूस! शेवटी तोडगा निघाला. दसऱ्यापर्यंत पोफळी सुधारल्या तर राहतील. नाही तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी. जेसीबीवाल्याला त्यांनी माझ्यासमोर फोन करून तारीख सांगितली. त्या दिवशी मी जेवले नाही.

नेमकं त्याच आठवड्यात शेतकऱ्यांसाठी एक प्रशिक्षण होतं. मी पहिल्या रांगेत. शिकवायला एक मॅडम होत्या, कीटकशास्त्रातल्या डॉक्टर. त्यांनी एक पाकीट दाखवलं, आत भुकटी. म्हणाल्या, "यात सूत्रकृमी आहेत. चांगले सूत्रकृमी, पिकाला त्रास न देणारे. मातीत गेले की हुमणी शोधतात, तिच्या अंगात शिरतात, तिला मारतात आणि तिच्यातच वाढतात. एका अळीतून हजारो बाहेर पडतात. विषारी औषध नको, काही नको. फक्त हे जिवंत आहेत हे विसरू नका. थंड जागी ठेवा, लवकर वापरा, पाण्यात कालवून संध्याकाळी ओल्या मातीत ओता."

"दिसतात कसे?" मी विचारलं.

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत."

प्रत्येकाला एकच पाकीट मिळालं. ते सात-आठ झाडांना पुरणार. माझी झाडं बत्तीस! मॅडम म्हणाल्या, सगळ्यांत आजारी आठ झाडांना सगळं पाकीट वापरा, बाकीचं पुढच्या वेळी बघू. पण दसरा काय पुढच्या वेळी येणार होता? बत्तीसातल्या कुठल्या चोवीस लेकी टाकून देऊ, सांगा!

घरी येताना रिक्षात माझं डोकं चालू झालं. आणि माझं डोकं चालू झालं की समजायचं, कुणाचं तरी काहीतरी बिघडणार. जिवंत आहेत. थंड जागी ठेवायचे. आपोआप वाढतात. डोळ्यांना दिसत नाहीत. अहो, ही तर विरजणाची लक्षणं! आणि विरजण म्हणाल तर अख्ख्या वाडीत माझा हात धरणारं कोणी नाही. पावसाळ्यात लोकांचं दही तार धरतं, माझं दही सुरीनं कापावं लागतं. एक चमचा विरजणात पातेलंभर दही होतं, तर एक चमचा भुकटीत बरणीभर कृमी का होऊ नयेत?

ते अळीच्या अंगात वाढतात, हे मॅडमनी सांगितलं होतं. ते मी वहीत लिहूनही घेतलं होतं, खाली रेघ मारून. पण अळीला काय ठेवलंय, म्हटलं, अळीपेक्षा आपली पेज पौष्टिक!

उकड्या तांदळाची पेज केली, कोमट होऊ दिली, लोणच्याच्या मोठ्या बरणीत ओतली आणि एक चमचा भुकटी घातली. वर फडकं बांधलं. उरलेलं पाकीट फ्रिजमध्ये, कोकमाच्या आगळाच्या बाटलीमागे ठेवलं. मूळ विरजण कोणी संपवतं का?

दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर बुडबुडे! तिसऱ्या दिवशी फेस! चौथ्या दिवशी असा वास सुटला की चीफ मिरकरवाडा बंदरातून बांगडे घेऊन आले, ते पिशवी नाकाला लावून वास घेत बसले.

"बांगडे शिळे आहेत की काय?"

"बांगडे ताजे आहेत. माझे कृमी वाढतायत."

त्यांनी बरणीत डोकावलं. "बोटीवर असला वास आला की आम्ही बरणीसकट समुद्रात टाकायचो."

"म्हणून तुम्ही आचारी राहिलात," मी म्हटलं. फार बोलले, कळतंय मला. पण तेव्हा मी शास्त्रज्ञ झाले होते.

रोज संध्याकाळी पाऊस उघडला की मी खुरपं घेऊन आगरात. एकेका पोफळीचं आळं चांगलं वीतभर उकरायची, माती भुसभुशीत करायची आणि त्यात बरणीतली पेज दोन-दोन तांबे ओतायची. बरणी अर्धी झाली की वर ताजी पेज. दही संपत नाही, तसे माझे कृमीही संपत नव्हते. बत्तीसच्या बत्तीस झाडांना पोटभर!

आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी पूजा करून बाहेर येते, तर आगरात येसूवहिनींच्या कोंबड्या.

येसूवहिनी म्हणजे आमच्या शेजारीण. वयानं मोठ्या, जिभेनं त्याहून. त्यांच्या अकरा कोंबड्या पेजेतली शितं टिपत होत्या, दोन्ही पायांनी माझी आळी विसकटत होत्या. मी दोन घरांमधल्या दगडी गड्ग्याशी जाऊन ओरडले.

"येसूवहिनी, कोंबड्या आवरा! माझे कृमी खातायत!"

"कुठं हायत कृमी?"

"ते दिसत नाहीत."

"तुला दिसत नाय, मना दिसत नाय, नि माज्या कोंबडीला कसे दिसले गो? तिनं काय चष्मा लावलान?"

"वहिनी, हे विज्ञान आहे. विज्ञानात दिसतं तेवढंच खरं नसतं."

"मंग मना दिसता ता सांगतंय. ती तांबडी बघ, मातीतून अळी ओढून खातेय."

खरंच खात होती हो! माझ्या डोळ्यांसमोर तिनं हुमणी उचलली आणि गट्टम केली. पण ज्याला सिद्धांत सुचलेला असतो त्याला डोळे असून उपयोग नसतो. मी म्हटलं, "ती अळी माझ्या कृमींनी मारलेली आहे! तुमची कोंबडी आयत्या बिळावर नागोबा!"

"मेलेली अळी वळवळतेय कशी?"

माझं उत्तर? मी दगड मारला. कोंबडीला नाही हो, जवळपास. पण वहिनींनी जे तोंड सोडलं, ते वर्षभर नुसतं शिमग्यासाठी राखून ठेवतात. ते इथे सांगत नाही, चहा कडू होईल.

तेव्हापासून रोजचं युद्ध. मी पूजेला बसले की कोंबड्या येणार, मी आरती अर्धी टाकून काठी घेऊन धावणार. देव तासभर ताटकळायचा आणि तासभर कोंबड्यांची चंगळ.

आणि काय सांगू, पोफळी सुधारायला लागल्या! महिन्याभरात नवी हिरवी पाती आली. बुंधे घट्ट झाले. खणून बघावं तर हुमणी औषधाला मिळेना. मी चीफना हाताला धरून झाडाझाडापाशी नेलं. ते प्रत्येक पोफळीला हलवून बघत होते. शेवटी म्हणाले, "मानलं तुला." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला बोलू?

बातमी फुटायला किती वेळ? आधी तात्या आले. तात्या म्हणजे आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, शिवाय गावातल्या प्रत्येक कार्याचे निमंत्रक. हातात डालड्याचा जुना डबा.

"बाई, जरा विरजण द्या."

दिलं. मग डब्यांची रांग लागली. कोणी नारळाला घातलं, कोणी काजूला, एकीनं अबोलीच्या कुंडीत घातलं. आणि प्रत्येकाला गुण! एकानं सांगितलं, माडाला फरक जाणवतो. नंतर बघितलं तर त्याचा डबा स्कूटरच्या डिकीतच होता. तात्यांनी तर हद्द केली. बरणीत बघून म्हणाले, "डोळे थोडे बारीक केले की दिसतात." झालं! त्यानंतर वाडीतला प्रत्येक जण बरणीवर वाकून डोळे बारीक करायचा आणि "दिसले, दिसले" म्हणायचा. न दिसणारा मूर्ख ठरला असता ना! मीही बारीक केले. मलाही दिसले. आज शपथेवर सांगते, दिसले!

न दिसलेलं सांगणारी वाडीत एकच. येसूवहिनी. "आंबलेली पेज हाय ती," असं त्या पाणवठ्यावर सगळ्यांना सांगत होत्या.

मग माझा पारा चढला. चार फुलस्केप पानं भरून मी समितीकडे तक्रार दिली. कोंबड्यांमुळे वैज्ञानिक प्रयोगात अडथळा, वगैरे. समितीत सातही जण माझ्याच विरजणाचे लाभार्थी. तात्यांनी पाच मिनिटांत ठराव केला: येसूवहिनींनी कोंबड्या कोंडाव्यात किंवा विकाव्यात. वहिनींनी ठराव ऐकला. पदराला गाठ मारत राहिल्या. ते मला जरा बोचलं, पण जिंकलेल्या माणसाला असलं बोचणं लगेच विसरता येतं.

गणपती गेले आणि मॅडमचा फोन आला. "बाई, तुमच्या झाडांचं फार ऐकतेय. बघायला येऊ का? सूक्ष्मदर्शक घेऊन येते."

येऊ का? मी आगरात मांडवच घातला! तात्यांनी अख्ख्या गावाला आवतण दिलं. श्रावण आणि गणपती मिळून दीड महिना लोकांच्या तोंडाला चव नव्हती, म्हणून चीफ म्हणाले, कोंबडी-वडे करू, जेवणाचं सगळं माझ्यावर सोड. सोडलं. मला भाषण लिहायचं होतं.

मॅडम आल्या. आधी तात्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! बाईंची ही जी डोळ्यांक न दिसणारी लेकरां हायत, त्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव ओरडला.

"त्यांच्यावर कोणी वाकडी नजर ठेवलान असंल, तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गड्ग्यापलीकडे येसूवहिनींच्या घराकडे बघत होते. वहिनी ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या.

मॅडम म्हणाल्या, आधी नमुने तपासू. मी म्हटलं, छे छे, आमच्याकडे पाहुणा आधी जेवतो. पंगत बसली. चीफनी असा रस्सा केला होता की काय सांगू! गावठी कोंबडी, खोबऱ्याचं वाटप खमंग, वडे टम्म. मी स्वतः दोन तंगड्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. विजयाची भूक होती ती.

हात धुतले आणि मॅडमनी सूक्ष्मदर्शक मांडला. माझ्या बरणीतला थेंब काचेवर घेतला. बघितलं. दुसरा थेंब घेतला. पुन्हा बघितलं. सगळा गाव डोळे बारीक करून उभा.

"बाई, हे काय आहे?"

"सूत्रकृमी. माझ्याच हातचे."

"ही पेज आहे."

"पेजेत आहेत ना!"

"पेजेत पेजच आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पाकीट कुठे आहे?"

मी अभिमानानं फ्रिजमधून पाकीट आणलं, एक चमचा कमी. मॅडमनी ते पाकीट असं हातात धरलं, जसं आपण दुसऱ्याच्या घरी वारलेल्या माणसाचा फोटो धरतो. म्हणाल्या, एवढे दिवस झाले, यातले आता सगळे मेले असणार. भुकटी काचेवर घेऊन बघितली. सगळे मेले होते.

तात्या आभाळाकडे बघायला लागले, डोळे अगदी मोठे करून. शोभा झाली तर झाली हो, पण बाजूला चीफ उभे होते आणि मला तो जेसीबी दिसत होता.

"पण मॅडम, झाडं तर सुधारली!" मी जवळजवळ रडतच म्हटलं.

"हो, तेच मला कळत नाही." त्या उठल्या, आगरात गेल्या, चार-पाच आळी उकरली. खरंच हुमणी नव्हती. मग खाली वाकून त्यांनी माती निरखली. "इथे कोंबड्या येतात का?"

तात्या चष्मा पुसायला लागले.

"बघा, सगळीकडे पायानं उकरलेलं आहे. तुम्ही पेज ओतलीत, शितं टिपायला कोंबड्या आल्या. माती तुम्हीच वीतभर भुसभुशीत करून दिलीत. कोवळी हुमणी वरच्या थरात होती, कोंबड्यांनी ती वेचून खाल्ली. बाई, हेसुद्धा जैविक नियंत्रणच आहे! या कोंबड्या हिवाळ्यापर्यंत रोज सोडा, उरलीसुरली हुमणीही जाईल. मी नवीन पाकीट देते, ते तेवढं सगळं वापरा. कुणाच्या कोंबड्या आहेत? कुठे आहेत?"

मी चीफकडे बघितलं. चीफनी पातेल्याकडे बघितलं. हातातला डाव हळूच पाठीमागे लपवला.

"नऊ कोंबड्या हव्या होत्या," ते पुटपुटले. "वहिनींना ठरावामुळे विकायच्याच होत्या. मी म्हटलं, शेजारधर्म..."

गड्ग्यापलीकडून आवाज आला. "तांबडी कोणी खाल्लान? तीच सगळ्यांत जास्त अळ्या खायची."

सगळा गाव माझ्या पत्रावळीकडे बघायला लागला. शपथ सांगते, माझी झाडं वाचवणारं सगळं जैविक नियंत्रण तेव्हा माझ्याच पोटात होतं, वड्यांसकट!

चीफना मात्र वाईट वाटलं. रस्सा त्यांनी केला होता ना. जेसीबीवाल्याला त्यांनी फोन करून सांगितलं, पुढच्या दसऱ्याला बघू. एक वर्ष मिळालं. आता कोंबड्या हव्या होत्या.

त्याच संध्याकाळी मी येसूवहिनींच्या ओटीवर गेले. चौतीस वर्षांत कोणाची माफी मागायची वेळ आली नव्हती, त्यामुळे सराव नव्हता. म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं. तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं सांगत होतात आणि मी तुम्हाला विज्ञान शिकवत होते."

त्यांनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात फेकला. मग म्हणाल्या, "दोन खुडूक हायत, अंड्यांवर बसलेल्या. त्या नाय दिल्या मी चीफला. पिल्लां निघतील महिन्याभरात."

"मग सोडाल ना माझ्या आगरात?"

"मी नाय सोडणार. ठराव झालाय. कोंबड्या कोंडायच्या. मी कायदा मोडणारी बाय नाय. आधी ठराव बदलून आण."

गेले तात्यांकडे. म्हटलं, विनंती अर्ज देते, ठराव रद्द करा. तात्यांनी नियमांची वही काढली, चष्मा लावला. "बाई, समिती विनंती घेत नाही. समिती फक्त तक्रार घेते. तक्रार लिहा."

घरी आले, फुलस्केप घेतला आणि अख्ख्या शाळेनं गिरवलेल्या माझ्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: 'विषय: शेजारणीच्या कोंबड्या माझ्या आवारात घुसत नसल्याबाबत.'